दोनदा मोजलेली जोडी

प्रयोगशाळेत माझं मन रमलं नाही, हा काय गुन्हा झाला? पीएच.डी.ला मी सैद्धांतिक भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा कॉलेजात सगळ्यांनी नाकं मुरडली. बाकीचे दिवसभर भट्ट्यांपाशी बसून काचेवर पातळ थर चढवायचे. मला कागद, पेन्सिल आणि खोडरबर पुरायचं. एका सरांनी तरुणपणी थोडी थेअरी केली होती, म्हणून ते माझे गाईड झाले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्यातल्या मुलींनी नोकरीपुरतं शिकावं. थेअरीच्या नादाला कशाला लागायचं?" आमचं घर बौद्ध. 'तुमच्यातल्या' म्हणजे काय, ते मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. मग तर मी थेअरीच करणार होते.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. परदेशी जर्नल आमच्याकडं चार-सहा महिन्यांनी, शिळं होऊन यायचं. त्यातल्याच एका पेपरवर माझं पुढचं सगळं काम उभं राहायचं होतं. धातूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित होतं, लिहिणारा माणूस नावाजलेला. पण माझं उत्तर दर वेळी बरोबर निम्मं यायचं. तीन आठवडे मी तेच गणित मांडत होते आणि फाडत होते. शेवटी सापडलं. इलेक्ट्रॉनांची प्रत्येक जोडी त्यांनी दोनदा मोजली होती.

गाईडनी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत. "कोल्हापुरात बसून त्यांची चूक काढतीस? पाठवायचं तर तुझ्या एकटीच्या नावानं पाठव. हसं होईल ते तुझं होऊ दे."

घरी जेवताना मला रागानं रडू फुटलं. वडील फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे वाळूत साचा उठवायला लागतो तो लाकडी नमुना. त्यांनी विचारलं, "चूक काय झालीया?"

"दोघांनी गळाभेट घेतली तर ती एक का दोन?"

"एकच की."

"त्यांनी दोन मोजल्यात."

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. "ड्रॉइंगमधी माप चुकलं तर मोठ्या कंपनीचं हाय म्हणून आमी तसंच वततोय व्हय? परत धाडतोय. तू बी धाड की."

धाडलं. पाच महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं. मूळ लेखकानं चूक मान्य केली होती आणि माझा लेख ते छापणार होते.

दुसऱ्याच दिवशी गाईडनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "पेपरवर माझंही नाव घाल. पद्धतच आहे तशी." बोलताना त्यांचा हात मी नुकत्याच लिहून दिलेल्या प्रबंधावर होता. त्यांच्या सहीशिवाय तो पुढं जाणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"सर," मी म्हटलं, "एकाला दोन मोजायचं न्हाय. पेपरात तेवढंच तर लिहिलंय."

चहा तसाच ठेवून मी उठले.

त्या सहीसाठी त्यांनी मला दीड वर्ष फिरवलं. त्यात हातातोंडाशी आलेली एक नोकरी गेली. गेली तर गेली. पेपर छापून आला, आणि त्यावर नाव एकच आहे. माझं.