सोडाल्याच्या गल्लीतला पुढचा ब्रेक

२००१ च्या हिवाळ्यात मी जयपूर छावणीत एका इंजिनियर रेजिमेंटबरोबर हवालदार होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. रेजिमेंटच्या गाड्या चालत्या ठेवायच्या, हे माझं काम. तीन टनी ट्रकचे ब्रेक मी गप्पा मारत ब्लीड करायचो. ब्लीड करणं म्हणजे, सिव्हिलियन मंडळींसाठी सांगतो, ब्रेकच्या तेलाच्या नळीत शिरलेली हवा बाहेर काढणं. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. नळीत हवा राहिली तर तुम्ही ब्रेक दाबत बसता आणि चाक आपलं फिरतच राहतं.

डिसेंबरात मूव्ह ऑर्डर आली. रेजिमेंट सीमेवर जाणार, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. त्यात नाईक आनंदा चौगुलेचीही गेली. आनंदा सॅपर, म्हणजे सुरुंग पेरणारा-काढणारा जवान, गडहिंग्लजकडचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. बायकोला नववा महिना, म्हणून त्याने सुट्टी मागून ठेवली होती. बायको शोभा जयपुरातच, सोडाल्यात माहेरी होती. तिचे वडील मोहितेकाका रेल्वेत गार्ड होते. बदलीने जयपूरला आले, रिटायर झाले आणि इथेच राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आनंदा वर्कशॉपमध्ये आला.

"दादा, आउटपास काढलाय. सहापर्यंत. माझ्यासंगं सोडाल्याला चला."

"कशाला?"

"तिथल्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक लागंना. नळी गळत होती, मीच बदलली. तवापास्नं लिव्हर पार मुठीला टेकतीय."

"मग आल्यावर कर की. कॉन्व्हॉय उद्या सकाळी आहे, मर्दा!"

"तिला दवाखान्यात सासरे नेणार. त्याच गाडीवर. त्या गल्लीत अवेळी रिक्षा मिळत न्हाई. पोटुशी बाई मागं बसवून म्हातारा नुसत्या मागच्या ब्रेकवर जाणार व्हय?"

मी पाना उचलला.

त्या काळी मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक म्हणजे नवलाई होती. आमच्या फौजी मोटरसायकलींना तो नव्हता. पण तत्त्व ट्रकचंच. खाली चाकाजवळ तेल सोडायची एक निपल असते, वर हँडलवर तेलाची डबी आणि लिव्हर. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने निपल ढिली करायची, तेलाबरोबर हवा निघाली की निपल कसायची, मगच लिव्हर सोडायची. क्रम चुकला की हवा परत आत. सोडाल्याला पोचल्यावर मी गल्लीतच चाकाजवळ खाली बसलो. आनंदा डबीत तेल ओतायला. लिव्हरवर काका बसणार होते, पण शोभा म्हणाली, "बाबांच्या हातात ताकद नाही. मैं करती हूँ, मतलब मी करते." तिला मुड्ढ्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर बसवली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय, भैया."

"सोड."

बराच वेळ हेच चाललं. आधी बुडबुडे आले, मग नुसतं तेल. मी निपल कसली, उठलो, लिव्हर दाबली. मुठीला टेकली. परत सगळं केलं. परत टेकली. माझं डोकं फिरलं. ट्रक माझं ऐकतात आणि ही दोन बोटांची लिव्हर मला जुमानत नाही म्हणजे काय!

मोहितेकाका चहा घेऊन आले. म्हणाले, "आमच्या जुन्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक. पाइपात हवा सोडली की ब्रेक लागायचा. तुमच्यात हवा गेली की ब्रेक जातो. उलटंच आहे हो सगळं!"

"काका, चहा ठेवा आणि आत जा," मी म्हणालो. म्हातारा हसला, पण गेला नाही. आनंदा घड्याळ बघत होता. थंडीतही त्याची मान घामाने भिजली होती.

शोभा थकली होती. पोटामुळे तिला पुढे वाकवेना, म्हणून तिने हँडलच आपल्याकडे ओढून घेतलं आणि आमची बोलणी ऐकत लिव्हर नुसती बोटाने हलवत बसली. पूर्ण दाबत नव्हती, चाळाच तो. एकदम म्हणाली, "भैया, वर डबीत बुडबुडा आला."

"कुठे?"

"हा बघा, दुसरा."

माझ्या डोक्यात उजेड पडला. उरलेली हवा खाली नव्हतीच. ती लिव्हरजवळ, नळीच्या वरच्या टोकाला अडकली होती. हँडल वळल्यावर डबी सगळ्यात उंच झाली आणि हवेला वर वाट मिळाली. हवा वरच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र तासभर तिला खाली ओढत होतो.

"शोभाताई, थांबू नकोस. तसंच. हळू."

दहा-बारा बुडबुडे आले. मग येईनात. मी लिव्हर दाबली. अर्ध्यावर येऊन दगडासारखी थांबली.

आनंदाने गल्लीत दोन चकरा मारल्या. नंतर सासऱ्यांना बसवून त्यांच्याकडून चार वेळा ब्रेक मारून घेतला. "मागचा अन् पुढचा संगंच दाबायचा, मामा. पुढचा हळू." म्हातारा एकदा सोडून चारदा "हो" म्हणाला. सहाच्या आत आम्ही छावणीत होतो.

सीमेवर तिसऱ्या आठवड्यात रेडिओवर पलीकडच्या ऑपरेटरने आनंदाला बोलावलं. "तुझ्यासाठी मेसेज. डॉटर. बोथ फाइन. ओव्हर."

आनंदाने माइक घेतला. "दवाखान्यात कशावरनं गेली ते इचारा. ओव्हर."

"हा काय तुझा घरचा फोन आहे? आउट!"

पण पलीकडचाही माणूसच होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मोटरसायकल, पहाटे, वाटेत गाय आडवी आली, म्हाताऱ्याने गाडी जागच्या जागी थांबवली. आनंदाने त्या दिवशी माझी जेवणाची ताटलीसुद्धा धुतली.

उन्हाळ्यात त्याला दहा दिवस सुट्टी मिळाली. परत आला तो तक्रार घेऊनच. "दादा, पोरगी सारखी झोपतीय. निम्मी सुट्टी तिच्या झोपंतच गेली की."

"पुढच्या वेळी जागी ठेवायला सांगू," मी म्हणालो.

पुढची वेळ आली नाही. सीमेवर पेरलेल्या माइन्स, म्हणजे भूसुरुंग, परत काढायचं काम सुरू झालं होतं. वाळू सरकते, तिच्याबरोबर माइनही सरकते. नकाशावरच्या जागी ती नव्हती. नाईक आनंदा चौगुले जागीच गेला. त्याच्यासारखा हाताचा आणि मनाचा सरळ माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

पार्थिव गावी न्यायच्या आधी जयपूर छावणीत मानवंदना झाली. मी पार्थिवाबरोबर एस्कॉर्टला होतो. शोभा वडिलांशेजारी उभी होती, पोरगी कडेवर. "शोक शस्त्र" झालं, रायफली उलट्या झाल्या, बिगुल वाजला. पोरगी टक्क जागी होती. सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. मी सावधानमध्ये उभा होतो, डोळे पुसता येत नव्हते.