पांढरं म्हणजे पास

गुणाजीचं तारुण्य पांढऱ्यात गेलं. परळच्या गिरणीत तो ब्लीचिंग खात्यात होता. कोऱ्या कापडाचा मळकट ताका आत जायचा, पांढराशुभ्र होऊन बाहेर यायचा, आणि मुकादम म्हणायचा, "पास." गुणाजीच्या लेखी याहून गोड शब्द जगात नव्हता.

गिरणीच्या संपात घरची चूल थंडावली, तेव्हा वरळीच्या पुतळाबाई कोळणीने त्याला ओहोटीला खडकांवर नेऊन कालवं फोडायला शिकवलं. तिथे एका डबक्यात तपकिरी, खडबडीत गोळे होते. त्याने पाय ठेवताच ती खेकसली, "मेल्या, दगड नाय तो. प्रवाळ हाय, जिवंत हाय." गिरणी काही पुन्हा उघडली नाही, पण गुणाजीला त्या डबक्याचा लळा लागला तो लागलाच.

पुढे कॉलेजातल्या ललिताबाई प्रवाळांचा अभ्यास करायला येऊ लागल्या. म्हाताऱ्या गुणाजीवर त्यांनी डबक्याची राखण सोपवली. "काका, रंग उडाला की लगेच फोन करा. कॉलेजातल्या टाकीत हलवून वाचवता येतील."

त्या वर्षी मे महिन्यात डबक्याचं पाणी पायाला चटका देई. एका सकाळी गुणाजी बघतो तर सगळे गोळे पांढरेफटक. औषधाला डाग नाही. काळाचौकीला घरी येऊन तो बायकोला, काशीबाईला म्हणाला, "समुद्रान कसा ब्लीचिंग केल्यान बघ! असलो माल आमच्या खात्यातसून पण कधी भायर पडाक नाय." फोनचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. रंग उडतो तो हलक्या कापडाचा. हे तर पास झालं होतं.

महिन्याने ललिताबाई आपणहून आल्या, तोवर गोळ्यांवर शेवाळ चढलं होतं.

"उशीर केलात, बाई," गुणाजी हळहळला. "इतकं पांढरं झालेलं, परत मळलं."

बाईंनी खाली बसून शेवाळावरून बोट फिरवलं. "काका, प्रवाळाच्या अंगात बारीक जीव राहतात. तेच त्याला रंग देतात, तेच खाऊ घालतात. पाणी तापलं की ते जातात. पांढरा प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. काही आठवडे तग धरतो. शेवाळ चढलं की संपलं, खाली उरतो तो नुसता पांढरा सांगाडा."

 उपाशीपोटी तग धरणं गुणाजीला कुणी शिकवायला नको होतं. संपात त्याने दुसरं काय केलं होतं? आणि तोच महिनाभर रोज येऊन एका उपाशी जिवाचं कौतुक करत उभा राहिला होता.

तो गुडघ्यांवर बसला आणि नखाने शेवाळ खरवडू लागला. भरती चढत होती.

"बाई, खाली अजून पांढरंच आहे," तो म्हणाला. "उपाशीच आहे ना हे?"