अठरावं नाव

शामराव माझा मित्र आहे आणि पन्नास वर्षं मी त्याच्यावर जळतो आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. वर्गात पहिला नंबर माझा यायचा आणि कौतुक त्याच्या अक्षराचं व्हायचं. पुढे मी महापालिकेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. तो सातवीनंतर परळला, दगडावर अक्षरं कोरणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली गेला. आज ते दुकान त्याचं आहे. विहारांच्या पाट्या, कोनशिला, पुतळ्यांखालची नावं, सगळं त्याच्या हातचं. माझ्या 'जय भीम'ला लोक मान हलवतात. त्याला थांबवून चहा पाजतात.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या वर होतो. माझ्या पणजोबांचं, रतननाकांचं, पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक आमच्या घरी होतं. जयंतीच्या मिरवणुकीत माझे वडील ते कोटाला लावून सगळ्यांत पुढे चालायचे. शामरावचा पणजोबा गोपनाकही लढाईवर गेला होता म्हणे आणि तिकडेच मेला. पण दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. 'म्हणे' आणि पदक यांत फरक असतो, आणि तो मी त्याला कधी विसरू दिला नाही.

कोकणातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली एक संगमरवरी पाटी आहे. ज्या चावडीची पायरी आमच्या माणसांना चढता येत नव्हती, तिच्याच भिंतीत. गावातून सतरा माणसं युद्धावर गेली, तीन परत आली नाहीत, एवढंच त्यावर लिहिलंय. सतराही आमच्याच वाडीतले, पण नाव एकाचंही नाही. गेल्या वर्षी गावमंडळाच्या मुंबई शाखेने ठरवलं, की आपल्या वाडीत विहारासमोर नावांसकट स्मारक उभारायचं.

मी आराखडा काढला. चौथरा, वर बंदूकधारी शिपाई, चार कोपऱ्यांवर चार सिंह. शामरावने वहीच्या पानावर नुसता एक उभा काळा दगड काढला.

"नावं छातीएवढ्या उंचीवर," तो म्हणाला. "म्हातारीलापण बोट लावता आलं पायजे."

सभेने त्याचा दगड उचलून धरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अट घातली, दगडाच्या माथ्यावर आमचं पदक कोरलंच पाहिजे. अध्यक्ष बुद्धभूषण म्हणाले, "कोरू या. मास्तरांचा मान राहू दे."

मग घराघरांतून नावं आली ती अठरा. म्हणजे एक नाव जास्तीचं. सभेत आवाज चढले, जो तो आपल्या पणजोबाची शपथ घेऊ लागला. शेवटी शामराव उभा राहिला.

"माझ्याकडं पुरावा काय नाय. गोपनाकाचं नाव काढा."

टाळ्या पडल्या. मंडळातल्या कौसल्याबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. मीही टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, नाव घालवूनसुद्धा हा मेला माझ्यापेक्षा जास्त कमावून गेला.

कोरण्यासाठी पदकाचा फोटो हवा होता. माझ्या मुलीने, दीपिकाने, मोबाइलवर सगळ्या बाजूंनी काढला.

"पप्पा, याच्या कडेवर बारीक इंग्लिशमध्ये काहीतरी आहे." तिने फोटो मोठा केला आणि वाचलं. नंबर, शिपाई, आणि नाव: गोपनाक.

मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

रतननाक वाडीत एकटेच वाचणारे. लढाईच्या काळात सगळ्यांची पत्रं त्यांच्याच हातात यायची; म्हणजे ते स्वतः गेलेच नव्हते. गोपनाकाच्या विधवेचं पाकीटही आलं असणार. तिला त्यांनी काय वाचून दाखवलं, कोण जाणे. पण ते पदक त्यांनी का ठेवून घेतलं, ते मला कोणी सांगायला नको. मीही पन्नास वर्षं तसाच जळतो आहे.

"कोणाला बोलू नका ना," दीपिका म्हणाली. "कडेला कोण बघणारे?"

शामरावची एक रीत आहे. तो आधी दगडावर खडूने नावं लिहितो. घरच्या माणसाने आपल्या नावाला बोट लावून 'बरोबर' म्हटल्याशिवाय छिन्नी उचलत नाही. रविवारी त्याच्या दुकानात सोळा घरची माणसं बोट लावून गेली. शेवटी मी राहिलो. रतननाकांच्या नावावर मी बोट ठेवलं. 'बरोबर' म्हटलं की काम संपत होतं. मी बोट काढून घेतलं.

मी पदक खिशातून काढून दगडावर ठेवलं. "शाम्या, कडेला वाच."

त्याने हातसुद्धा लावला नाही. "वाचलंय."

"कधी?"

"तुझ्या बापाने जयंतीला माझ्याकडं घासायला दिलेलं. रांगोळी लावून घासता घासता दिसलं. चाळीस वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

तो खडूकडे बघत राहिला. "तुझा बाप कोट घालून पुढं चालायचा, काय ताठ दिसायचा रे. आणि तुझ्याकडं तरी दुसरं काय होतं?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ज्याच्यावर मी जन्मभर जळलो, तो जन्मभर माझी कीव करत होता. मी बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि रतननाक पुसून टाकला. त्याच्या हातातला खडू ओढून घेतला आणि तिथे स्वतः लिहिलं, गोपनाक.

"बोट लाव," मी ओरडलो.

त्याने बोट लावलं. मग त्या नावावरून ते फिरवत राहिला.

"अक्षर तिरकं आलंय, मास्तर," अखेर तो म्हणाला.

"मग पुसून तू लिही."

"नको. बरोबर आहे." आणि त्याने छिन्नी उचलली.

दगड आता वाडीत उभा आहे. माथ्यावर पदक आहे, कडेच्या नावासकट. सोळा नावं शामरावच्या अक्षरात आहेत, एक माझ्या. येणारेजाणारे त्या सोळांचं कौतुक करतात आणि सतरावं एवढं वाईट कोणी लिहिलं, ते विचारतात.