खात्री करून घेणारे नाना

वायरमन नाना खांबावर चढण्याआधी देवाचं नाव घेत नसत, सबस्टेशनवाल्याचं घेत. फोन लावून त्याला दोनदा विचारत, "लाइन बंद केली ना? स्वतः जाऊन पाहिलं ना?" मग हातमोजे चढवत. खाली उभं असलेलं कुणीतरी म्हणे, "नाना, एकदा हात तरी जोडा." नाना चढता चढताच सांगत, "जोडलेला हात घीसन खांबावर कसं चढू रे भो?"

अमळनेरपासून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव. नाना तिथले वीज कंपनीचे वायरमन. निवृत्त झाले तरी गावाने त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. नवरात्रात देवीच्या देवळावर आणि उरुसात दर्ग्यावर दिव्यांच्या माळा तेच चढवत. दोन्हीकडच्या माळा एकाच लाकडी पेटीत असत. देवळाच्या पुजाऱ्याने एकदा त्यावर कुरकुर केली. नाना म्हणाले, "करंटले जात समजत नही. तुले समजस तं तू चढ." पुजारी चढला नाही. माळा त्याच पेटीत राहिल्या.

मी त्यांना ओळखू लागले ते लग्नानंतर दोन महिन्यांनी. माझं माहेर पाचोऱ्याकडचं. सासरी आले आणि श्रावणात घरात विचित्र प्रकार सुरू झाले. गोठ्याच्या भिंतीला हात लागला की मुंग्या येत. सासूबाई एकदा ओरडून मागे पडल्या. मग एका पावसाळी सकाळी दुभती म्हैस गोठ्यात मरून पडली. अंगावर जखम नाही, आजार नाही. गावातल्या भगताने तांदळाचे दाणे पाहिले आणि सांगितलं, नवी सून पांढऱ्या पायाची आहे, घरात बाधा घेऊन आली आहे, तिला माहेरी धाडा. माझे मालक मान खाली घालून बसले. सासऱ्यांनी माझ्या वडलांना फोन केला. मी बॅग भरली. मलाही वाटू लागलं होतं की असेल, माझ्यातच काहीतरी असेल. सगळे एकच बोलत असले की माणूस स्वतःवरही संशय घेतो.

नाना त्या दिवशी शेजारी मीटर बघायला आले होते. म्हशीचं कानावर पडलं तसे आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. घरात कुणाला काही न विचारता त्यांनी आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करून घेतली आणि घरावर येणारी वायर खांबावरून सोडवली. मग शिडी लावून गोठ्यावर चढले. घरात येणारी वायर पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवरून गेली होती. तिचं वरचं आवरण घासून गेलं होतं आणि आतली तार अँगलला टेकत होती. त्याच अँगलच्या लोखंडी खांबाला म्हशीची साखळी बांधलेली. पाऊस आला की सगळं लोखंड आणि ओली भिंत करंट धरायची.

नानांनी सासऱ्यांना शिडीवर चढवलं आणि बोटाने दाखवलं. "हाई वायर दोन-तीन वरीसपासून घसाई राहिनी, यंदा उघडी पडनी. पोर तं दोन महिना पहिले उनी. मंग बाधा कोनी आनी?"

सासरे वरच उभे राहिले. नाना खाली उतरून माझ्याकडे आले. मी दारात बॅग घेऊन उभी होते.

"पोरी, तुनी काही चूक नही. ध्यानात ठेव," ते म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले, "वहिनी, हाई तिले तुम्ही सांगाले पाहिजे व्हतं."

सासूबाईंनी ते शब्द काही उच्चारले नाहीत. पण त्या रात्री तव्यावरची पहिली गरम भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली. सासऱ्यांनी वडलांना पुन्हा फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढे मी नानांच्या घरी जाऊ येऊ लागले. त्यांच्या बायको, मथुराअक्का, फार देवभोळ्या. चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. अक्कांचे गुडघे गेले आणि देवघरापाशी उभं राहता येईना, तेव्हा रोज संध्याकाळी दिवा नाना लावू लागले. अक्का खाटेवरून सांगत, "वात पुढं करा, आता हळद वाहा." नाना तसं करत. मी चकित होऊन विचारलं तर म्हणाले, "देव तिना, गुडघा तिना. मना फक्त हात." अक्का गेल्यावर त्यांनी ते देव स्वच्छ घासले, मऊ कापडात बांधले आणि धाकट्या मुलाच्या घरी धुळ्याला नेऊन दिले. तो मानणारा होता.

मी एकदा सरळच विचारलं, "नाना, तुम्ही देव का मानत नाही?"

"ज्यानी खात्री नही, त्यानावर मी सही करत नही," ते म्हणाले. मग पुढे बोलले, "पन समोरना मानूस रडी राहिना, हाई तं दिखस ना? तेवढं काम पुरस."

मी आता गावच्या अंगणवाडीत आहे. सुकलेलं लेकरू घेऊन आई येते आणि दृष्ट लागली म्हणते. मी तिला हसत नाही. म्हणते, दृष्ट काढ, पण आधी त्याला काट्यावर ठेव. बाकीचं ते वजनच सांगतं.

नाना मागच्या थंडीत गेले. दहावं-तेरावं करू नका असं त्यांनी दोन्ही मुलांना सांगून ठेवलं होतं. पण ओट्यावर भाऊबंद जमले तेव्हा त्यांचे थोरले भाऊ, आबा, म्हणाले, "लोक काय म्हणतील? दहावं झालंच पाहिजे." मुलं आबांच्या शब्दाबाहेर जाईनात. पुरुषांच्या बैठकीत गावात बाई बोलत नाही. तरी मी दारातून पुढे झाले.

"आबा, नानांनी कधी कुणाच्या देवाला धक्का लावला नाही," मी म्हणाले. "आपण त्यांच्या शब्दाला लावू नये."

आबा डोळे पुसून म्हणाले, "ठीक शे."

दहाव्या दिवशी विधी झाला नाही. लोक तरीही आले, ओट्यावर बसून नानांबद्दल बोलले, चहा घेऊन गेले. धाकट्या मुलाने मात्र सकाळी एकट्याने जाऊन डोक्यावरचे केस उतरवून घेतले होते. संकोचून तो टोपी काढेना. मी त्याला म्हटलं, "काढ रे भाऊ. नाना असते तर काहीच बोलले नसते." त्याने टोपी काढली आणि तो सगळ्यांमध्ये येऊन बसला.