कॉम्प्युटरचं झबलं

भर वैशाखात मी कॉम्प्युटरला लोकरीचं झबलं घातलं होतं. हसा खुशाल. आता मीही हसते. तेव्हा मात्र ते झबलं दाखवायला गल्लीतल्या बायकांना मुद्दाम चहाला बोलवत होते.

मी नुकतीच सासू झाले होते, आणि नव्या सासूइतकं शहाणं जगात कुणी नसतं, असं निदान तिला तरी वाटतं. सूनबाई केडगावची. रुखवतातल्या लाडवांच्या मागोमाग तिचा कॉम्प्युटरही आमच्या मांडवगणात उतरला. त्यावर ती लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स असलं काय काय तयार करायची, छपाई तेवढी दौंडला. आमच्याकडं त्या काळात ज्याला ज्याला वायर, त्याला त्याला आम्ही बायका कपडे घालत होतो. टीव्हीला झालर, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, मिक्सरला टोपी. त्यात ते काळं खोकं उघडंबोडकं बसलेलं मला बघवेना. राणी कलरची लोकर आणली. दोन्ही अंगाला पोपट विणले, खाली फरशीपर्यंत झालर सोडली. पाठीमागं एक जाळी होती, तिथून गरम वारा यायचा. ती तर मी दुहेरी विणीनं बंद केली. बटणापुरतं भोक ठेवलं, एवढीच काय ती दया.

"आत्या, त्याला वारा लागतो. आत तापतं ते," सूनबाई म्हणाली.

"टीव्ही न्हाई तापत? तूच लाडावून ठेवलंय त्याला."

ती बिचारी झबलं काढून घडी घालून ठेवायची. ती स्वयंपाकघरात गेली की मी परत चढवायची. शेजारी माझी घरघंटी. रोज दळण चालायचं, आणि पीठ कुठं उडतं हे बघायला मला वेळ नव्हता. पोपट झटकायचे होते ना.

आमच्या ह्यांना कॉम्प्युटरचं काही कौतुक नव्हतं. त्यांची नजर खोक्याच्या कोपऱ्यावर. तिथं त्यांना गव्हाची कोठी ठेवायची होती. शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा कासुर्डीचा. मी मोठ्या तोंडानं सांगून आले, "पत्रिका करायला दौंडला कशाला जाताय? आमच्या सुनंकडं हाय की!" ते ऐकून हे म्हणाले, "करू द्या. पत्रिका झाली तर झाली. न्हाई झाली तर खोकं माळ्यावर आन् कोठी हितं." सूनबाई ताट वाढत होती. तिनं ऐकलं आणि ह्यांच्या ताटात आमटी जरा जास्तच वाढली.

पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर माझ्या घरघंटीपेक्षा मोठ्यानं घरघरायला लागला. मग फट्दिशी बंद. चालू केला, गणपती आणि मुंडावळ्या दिसल्या, परत बंद. सूनबाईनं झबलं उतरवलं, स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उघडला.

मी वाकून बघितलं. आत सगळीकडं पीठ. आमचंच, लोकवन गव्हाचं. पंख्याखालच्या पातळ पातळ पत्र्यांच्या फटी तर अशा भरल्या होत्या, की खरवडून धिरडं झालं असतं.

"सगळी आकडेमोड करतो तो प्रोसेसर ह्याच्याखाली असतो," ती हलक्या ब्रशनं पीठ झाडत सांगायला लागली. "तव्यासारखा तापतो. हे पत्रे त्याची उष्णता ओढून घेतात, पंखा ती उडवून लावतो. प्रोसेसर आणि पत्र्यांच्या मधे पेस्ट असते. ती वाळलीय. नवीन लावायला पाहिजे."

तिनं भावाला फोन केला. त्यानं दौंडहून पेस्टची ट्यूब एसटीच्या कंडक्टरकडं दिली, आणि दुपारी ती आणायला सूनबाई स्टँडवर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आत्या, लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. तेच नडलं.

पंखा आणि पत्रे एकत्र जोडलेला तो ठोकळा तिनं काढून पाटावर ठेवला होता. उलटा करून बघते तर मधोमध तांब्याची गोल चकती, आणि तिच्यावर राखाडी घाण. तांबं! आणि असलं काळवंडलेलं! माझ्या हाताला खाज सुटली. चिंच घेतली, मीठ घेतलं, मोरीत बसले आणि पंख्यासकट घासून काढला. ताम्हण तसं लखलखत नव्हतं कधी आमचं. मग प्रोसेसरवरची घाण पदरानं स्वच्छ पुसली आणि ठोकळा गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातला.

सूनबाई ट्यूब घेऊन आली. पाट रिकामा.

"आत्या, पंखा कुठंय?"

"वाळत घातलाय."

ती रिकाम्या पाटावरच बसली. डोळे भरले. "आत्या, त्याच्यात मोटर असते," एवढंच म्हणाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की माळ्यावर जाणार ते नुसतं खोकं नाही.

आम्ही दोघी गच्चीवर धावलो. तिनं बोटानं पंखा फिरवला, तर चिंचेचं पाणी सपकन माझ्या चष्म्यावर. मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते ओठात दाबलं. तेवढ्यात जिन्यावर ह्यांच्या चपला वाजल्या. मी ठोकळा कुरडयांच्या मधोमध सरकवला.

"हे काय?" ह्यांनी एक कुरडई मोडून तोंडात टाकली.

"कुरडयांचा साचा."

"साच्याला पंखा कशाला?"

"नवीन निघालाय. कुरडई पडतानाच वाळती."

"आयला!" म्हणाले, आणि आणखी एक कुरडई घेऊन खाली गेले. सूनबाई पदर तोंडात कोंबून कठड्याला टेकली होती, खांदे गदागदा हलत होते.

वैशाखाच्या उन्हाचं मी एरवी कधी कौतुक केलं नसतं, पण त्या दिवशी त्यानं इज्जत राखली. थेंबसुद्धा उरला नाही म्हटल्यावर तिनं प्रोसेसरवर गव्हाच्या दाण्याएवढी पेस्ट टेकवली, ठोकळा वर ठेवून दाबला. मी बॅटरी धरून उभी, आणि तोंडानं देवाचं नाव. बटण दाबलं. पंखा फिरला! गणपती दिसला, मुंडावळ्या दिसल्या, वधूचं नाव आलं, आणि या वेळी काही बंद पडलं नाही.

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं, मग खुर्चीवरच्या पोपटांकडं. मीच झबलं उचललं आणि माझ्या ट्रंकेत तळाशी घातलं. घरघंटी ओढत मागच्या पडवीत नेली. खोकं फरशीवरून उचलून पाटावर बसवलं, भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. मागं हात धरून बघितला. ऊन ऊन वारा येत होता, बिनतक्रार.

सकाळच्या एसटीनं पत्रिका पेनड्राइव्हवर दौंडला छापायला गेली. छापून आल्यावर ह्यांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि गव्हाची कोठी पडवीत लावली, घरघंटीच्या शेजारी. कोपऱ्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

त्या संध्याकाळी सूनबाई माझ्या शेजारी कुरडया डब्यात भरत होती. मी हळूच विचारलं, "रागावलीस व्हय गं माझ्यावर?"

ती म्हणाली, "न्हाई आत्या. उद्या मला लेकरू झालं की अंघोळ तुम्हीच घाला, चकचकीत करता तुम्ही. झबलं मात्र मी घालीन."