पोटातला क्लच

जगात कुठेही काही ढिलं राहू नये म्हणून देवानं एखादा माणूस नेमला असेल, तर तो आमच्या हिचा मामा. नात्यानं माझे मामेसासरे. घराणं नागपुरातल्या महाल भागातल्या विणकरांचं. हातमाग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, मामा इतवारीत एका साड्यांच्या दुकानात लागले होते, पण हात मात्र मागावरच राहिला होता. उभ्या धाग्यांचा ताणा ढिला राहिला की लुगडं बिघडलं, हे ते बापाच्या हाताखाली शिकले आणि मग तोच नियम त्यांनी सगळ्या सृष्टीला लावून टाकला. त्यांच्या बाजेची नवार अशी ओढलेली असे, की पाहुणा बसला की टणकन वर येई. कपडे वाळत घालायची तार नुसत्या वाऱ्यानं वाजे. एकदा मी हिंगण्याच्या कारखान्यात पाळीला निघालो, तर त्यांनी मोठ्या मायेनं माझा डबा फडक्यात बांधून दिला. दुपारी आमच्या खात्यातले धट्टेकट्टे फिटर त्या गाठीला भिडले, एकानं दातही लावून पाहिले, अखेर फडकं कापावं लागलं. संध्याकाळी तक्रार केली, तर म्हणाले, "सांडलं तं नाही ना जी? मंग?" त्या 'मंग'पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

अशा माणसाच्या हाती ती गाडी लागली. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेला परदेशी साहेब काम आटोपून जाताना ती सोडून गेला होता. दातेरी जाड टायर, उंच मडगार्ड, चिखलमातीत दामटायची मोटरसायकल, आणि डाव्या हाताशी क्लचची दांडीच नाही! गिअर पायानं टाकायचे, क्लचचं काम गाडी आपलं आपण करणार. अख्खा मोहल्ला बघायला लोटला. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "क्लच कुठं गेला गा?" मामा गाडीवरून हात फिरवत सांगत, "पोटात हाय." आणि सांगताना चेहरा असा, की गाडीला दिवसच गेलेत. मग त्यांनी डांबरी रस्ता सोडला. "या टायरले डांबर चालत नाही," म्हणून दुकानात जायचं ते मैदानातून, नाल्याच्या काठानं, कुणाच्याही अंगणातून. एकदा एका बाईच्या वाळत घातलेल्या कुरड्यांच्या अगदी कडेनं गाडी गेली. तिनं सात पिढ्यांचा उद्धार केला. मामांनी तो गाडी थांबवून शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "कुरड्या जरा ढिल्या पडल्या जी तुमच्या."

लोक हसत. म्हातारपणी काय हे चाळे, म्हणत. पण गाडी कशासाठी आली, ते आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. मामींचं माहेर मौद्याच्या पलीकडे, कन्हानच्या अंगाला. एसटी मौद्याला सोडून द्यायची, पुढे काळ्या मातीतली वाट. मामींचे गुडघे गेलेले, तेवढं चालणं होत नसे आणि बैलगाडीचे हिसके सोसत नसत. गावात त्यांची आई भावाजवळ होती, पार थकली होती. माय-लेकीची कैक वर्षांत भेट नव्हती. मामांनी शब्द दिला होता, "तुले मी मायपाशी नेतो." त्या शब्दासाठी ही गाडी.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. मामा एकटे बसले की गाडी कशीबशी चाले. मामी मागे बसल्या की इंजिन नुसतं बोंबले, चाक काही जागचं हलत नसे. मग मामी उतरत, गाडी पुढे आणि त्या मागून पायी. "मामी, गाडीले पोचवाले चालल्या का?" असं पोट्टे विचारत. मी कारखान्यात मशीन दुरुस्तीलाच होतो, मला बघताच रोग कळला. असल्या क्लचला बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवत न्यायचा, अडला की तिथून जरासा मागे घ्यायचा आणि वरचा नट आवळून टाकायचा. तेवढी जागा मोकळी नसली, तर आतल्या प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत, ओझं आलं की घसरतात. मामा मात्र अडल्यावरही पुढेच रेटत. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ढील ठेवून दुनियेत काही चाललं का जी?"

शेवटी मी स्वतःच जुळवून दिला. मामींना घेऊन गाडी गल्लीच्या टोकापर्यंत झोकात जाऊन आली. मी हात धुऊन येतो, तर हे पुन्हा पेचकस घेऊन उकिडवे बसलेले! "मामाजी, काहून?" "थोडा हलून राहिला होता जी." माझं डोकंच फिरलं. पण करता काय? मी सैल करावा, त्यांनी आवळावा, असं जवळजवळ वर्ष गेलं. मामी ओट्यावरून बघत असायच्या, बोलायच्या नाहीत.

उन्हाळा लागताना मौद्याकडून माणूस निरोप घेऊन आला. म्हातारीनं अन्न सोडलं होतं, लेकीचं नाव घेऊन राहिली होती. मामा तडक उठले ते पेचकस घेऊन गाडीशी. तेव्हा मामी गुडघ्यावर हात देत उठल्या.

"सोडा तो."

"अवं, एकदा नीट करू दे..."

"सालभर नीटच करून राहिले तुम्ही. माह्या मायपाशी वेळ नाही आता. द्या इकडे."

मामांनी पेचकस दिला. मामींनी तो माझ्या हातात ठेवला. "जवाईबापू, तुम्ही करा. आन् मंग मले वापस द्या." मी स्क्रू अडेपर्यंत नेला, जरासा मागे घेतला, नट आवळला. मामींनी पेचकस कमरेला खोचला आणि मामांच्या मागे बसल्या. मामा मान वळवून वळवून त्या स्क्रूकडे बघत होते. एकदा हातसुद्धा खाली गेला, पण मामींनी तो धरला. गाडी गुरगुरली आणि दोघांना घेऊन निघाली. मी तिथंच उभ्या उभ्या देवाला हात जोडले.

पोहोचले. म्हातारीनं लेकीला ओळखलं, तिच्या हातची पेज घेतली, आणि कुणाला वाटलं नव्हतं इतकी सावरली. तो सगळा उन्हाळा दुकानाच्या सुट्टीला मामा मामींना तिकडे नेत. स्क्रूला कुणी हात लावला नाही. मृग लागायच्या आत म्हातारी गेली. मामी उशाशी होत्या.

तेरवी आटोपून आल्यावर मी भेटायला गेलो. मामा ओट्यावर बसले होते, गाडी समोर धुळीनं भरलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामाजी, तुमच्या गाडीमुळं भेट झाली माय-लेकीची."

"हो जी," मामा म्हणाले. मग गाडीकडे बघत राहिले. "पण गाडी तं सालभर पहिलेच आली होती."

आतून मामी चहाचे कप घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं. एक कप माझ्या हाती दिला, दुसरा मामांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांच्याजवळ खाली बसल्या.

"प्या जी," त्या म्हणाल्या. "उन्हाळा तं भेटला ना मले."