शनिवारी न वाजलेलं दार

समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण दर शनिवारी आमचं दार वाजवायची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथलेच मराठी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचे, आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावते आणि घरातले फोन कपाटात जातात, ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पाणी जाणार असो की कोणी वारलेलं असो, ती येऊन सांगायची. वर "तुझा फोन म्हणजे नुसता शोभेचा गो!" म्हणून हसायची. पंचवीस वर्षं!

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या टॉवरमध्ये कोणाला कुठला मजला ते रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. ज्याची सही आधी, त्याची पसंती आधी. मला पहिलाच मजला हवा होता, कारण शब्बाथला विजेचं यंत्र वापरायचं नाही म्हणून आई लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही आणि तिच्या गुडघ्यांना एका मजल्याच्या वर जिना झेपत नाही. हे मी सांगितलं कोणाला? तिलाच. सोसायटीची सेक्रेटरी ना ती!

शब्बाथ सुटल्यावर फोन काढला. आदल्या संध्याकाळी, आमचे दिवे लागल्यानंतर, ग्रुपवर तिचा मेसेज पडला होता: मीटिंग रविवारऐवजी उद्या सकाळी. पहिल्या मजल्यावरचा उरलेला एकच फ्लॅट तिच्या नावावर गेला होता. आम्हाला चौदावा. आणि अख्खा शनिवार बाई चार पावलं चालून आली नाही. माझं डोकंच फिरलं.

बाबा तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचताना म्हणायचे, "शेजाऱ्यावर प्रीती कर, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वाच." आधी लिहिलंय, मनात द्वेष धरू नकोस, त्याला तोंडावर सांग. प्रीती त्यानंतर येते.

म्हणून मी तिची बेल वाजवली. "तुला माहीत होतं," म्हटलं.

"होतं," ती म्हणाली. "दार वाजवलं असतं तर तो फ्लॅट तुलाच द्यावा लागला असता." मग घाईघाईने म्हणाली, "शनिवारी मी येईन ना, लिफ्टचं बटण दाबून देईन मावशींना."

"लाज नाही वाटत तुला?" मी ओरडले. जिन्यात माणसं थांबली.

आमचं दार उघडंच होतं. आतून आई म्हणाली, "अगं, बटण नको दाबूस. शनिवारी चौदाव्यावर येऊन बस माझ्यापाशी."

ती रडायला लागली. मी घरात आले आणि दार लावून घेतलं.

बाबा, आधीचं मी केलं. पुढचं नाही जमत.